सोळा सोमवार, सोळा नऊ

आमच्या कोल्हापुरात कुणाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. म्हैस कशी लागली? एक नंबर. जावई कसा मिळाला? एक नंबर. दवाखान्यात पाय टांगून पडलेल्या माणसाला तब्येत विचारली तरी तो 'एक नंबर' म्हणेल आणि वर आपल्यालाच चहा घेऊन जा म्हणेल. खोटं बोलायचं म्हणून कुणी बोलत नाही. समोरच्याचं मन राखायचं आणि विषय मिटवून कामाला लागायचं, एवढाच हेतू. पण याच दोन शब्दांनी मी एका माणसाचं आयुष्यभराचं काम मातीत घातलं. तो माणूस माझ्या शेजारच्या शेडमधला, माझ्यावर भरवसा टाकून बसलेला. मी काही लेखक नव्हे, उद्यमनगरात लेथ चालवतो. पण आण्णांविषयी लिहायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच बसलोय.

रुद्रय्या हिरेमठ त्यांचं नाव. जंगम. गाव नेसरीच्याही पलीकडे, सीमेला खेटून. घरात कानडी, दारात मराठी. अख्ख्या उद्यमनगरात शिवी न देता बोलणारे हे एकटेच, त्यामुळे सुरुवातीला लोकांना त्यांचं बोलणं नीट कळायचंच नाही. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो. शेड पत्र्याची, एका बाजूला ड्रिल मशीन, दुसऱ्या बाजूला लाकडी बाक आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या अँटेना. मागं दोन खोल्या, वर गच्ची. खोल्यांत आण्णा आणि नीलम्मा वैनी. एकुलती मुलगी दानेश्वरी लग्न होऊन बेळगावला गेलेली. त्यांच्या शेडची आणि माझ्या शेडची भिंत एकच. तिकडं हातोडा पडला की इकडं माझ्या फळीवरचे पाने वाजायचे.

आधी ते टीव्हीच्या अँटेना करायचे. ब्याण्णवच्या आसपास गल्लोगल्ली केबल आली आणि तो धंदा एका उन्हाळ्यात बसला. दुसरा एखादा असता तर त्यानं पानपट्टी टाकली असती. आण्णांनी वायरलेसच्या अँटेना करायला घेतल्या. त्या वेळी साखर कारखान्यांच्या शेती खात्याला वायरलेसचे सेट असायचे. कुठल्या गावात तोड चालू आहे, किती ट्रॅक्टर अड्ड्यावर उभे आहेत, हे गट ऑफिसातून मुख्य ऑफिसला सांगायचं ते या सेटवरून. प्रत्येक कारखान्याला दिल्लीहून वेगळी लहर ठरवून मिळायची, आणि त्या लहरीच्या मापानं अँटेना कापावी लागायची. एकाची दुसऱ्याला चालायची नाही. म्हणजे ऑर्डर आली की मोजा, कापा, जुळवा, आणि लहर बदलली की सगळं भंगारात. बाहेरच्या मोठ्या कंपन्या याचेच भरपूर पैसे लावायच्या.

आण्णांचं म्हणणं असं, की माप एकच ठेवायचं आणि अँटेनाच अशी करायची की ती सगळ्या लहरींना चालावी. असली अँटेना, म्हणजे डायपोल, कशी असते हे त्यांनी मला दोन्ही हात पसरून उभं राहून दाखवलं होतं. दोन हात, मध्ये छाती, छातीला वायर. "हात बारीक असला की एकाच लहरीला वळखतो," ते म्हणाले. "हात जाड केला की धा लहरींना वळखतो. पर जाड नळी म्हाग पडती, वजनाला जड, वाऱ्याला वाकती." मग त्यांनी जाड नळीऐवजी पिंजरा केला. विजेच्या तारांच्या भंगारातली ॲल्युमिनियमची तार सरळ करायची, चार तारा चौफेर उभ्या करायच्या, दोन्ही टोकांना रिंग. लहरीला वाटतं जाड नळीच आहे. आत नुसती हवा. रिंगा माझ्या लेथवर निघायच्या, आणि मधली छाती, म्हणजे ज्यात वायर जोडायची ती नायलॉनची डबी, तीही माझ्याकडंच. एका फळीवर खिळे मारून त्यांनी माप कायमचं पक्कं केलं होतं. त्या खिळ्यांत तारा बसवल्या की आंधळ्यानंही पिंजरा करावा. खरी स्वस्ताई त्या एका मापात होती. ऑर्डर नसली तरी पन्नास करून टांगून ठेवता यायचे.

लोकांनी टिंगल केलीच. येता-जाता कुणीतरी शेडमध्ये डोकं घालून विचारायचं, "आण्णा, पोपट कुठं हाय ओ?"

"भाईर गेलाय," आण्णा शांतपणे म्हणायचे. "तुमच्याच घरी जेवायला."

पिंजरा झाला की त्याची परीक्षा व्हायची, आणि या परीक्षेत आण्णांचा सगळा जीव होता. सोमवारी त्यांचा उपास. जेवणाची भानगड नाही, म्हणून पन्हाळ्याला जायचा वार सोमवार. पिंजरे पोत्यात घालून एसटीनं वर जायचे. तिथं पिराजी म्हणून ओळखीचा खानावळवाला, त्याच्या गच्चीवर बांबू उभा करून पिंजरा बांधायचे. हातातला लहान सेट त्याला जोडायचे आणि मोजायला लागायचे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. दहापर्यंत, कानडीतून. खाली कोल्हापुरात मोठ्या सेटसमोर वैनी बसलेल्या. मोठ्या सेटला काटा होता, शून्यापासून नऊपर्यंत. आवाज किती जोरात पोचतोय ते तो काटा सांगायचा. वरच्या सेटला काटा नव्हता. पिंजरा कसा झालाय हे आण्णांना कळायचं ते फक्त वैनींच्या तोंडून.

हे सेट चालवायला परवाना लागतो. आण्णांकडं होता, आणि त्यांनी वैनींनाही परीक्षेला बसवलं. सातवी शिकलेल्या वैनी, कणीक मळता-मळता नियम पाठ करायच्या. पास झाल्या तेव्हा आण्णांनी गल्लीत कंदी पेढे वाटले.

वैनी बाकी अजिबात दयामाया करायच्या नाहीत. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "पाच. पाचच हाय. सहा म्हणू नका." आण्णा वरून विनवायचे, नीट बघ, काटा हललाय का. "हलला न्हाई. खाली या. सोमवार सोडायचाय." मग संध्याकाळी आण्णा पोतं घेऊन परत यायचे, उपास सोडायचे, आणि जेवणानंतर पिंजऱ्याचं कुठं चुकलं ते शोधत बसायचे. आकडे एका लांबट वहीत लिहायचे. तारीख, पिंजऱ्याचा नंबर, हवा कशी होती, काटा किती, आणि शेवटच्या खान्यात ऐकणाऱ्याचं नाव. तिथं सगळीकडे एकच अक्षर, 'नी'.

दोन वर्षं हे चाललं. पाचाचे सहा झाले, सहाचे आठ झाले, आणि चौऱ्याण्णवच्या श्रावणात एका सोमवारी वैनींनी भिंतीपलीकडून अशी आरोळी दिली की मी लेथ बंद केला. "नऊ! नऊ हाय ओ! देवा शपथ नऊ!" त्या वर्षापासून दोन कारखान्यांनी आण्णांचेच पिंजरे घेतले. पोपटवाले गप्प झाले.

सत्त्याण्णव साली वैनींना कावीळ झाली आणि आठ दिवसांत त्या गेल्या. दानेश्वरी महिनाभर राहिली आणि बेळगावला चला म्हणून मागं लागली. आण्णा म्हणाले, तिथनं पन्हाळा दिसत नाही. तिला ते कारण पटलं नाही. कुणालाच पटलं नसतं.

दानेश्वरी परत गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी आण्णा पोतं घेऊन वर गेले. दुपारी पिराजीचा माझ्या शेजारच्या फाउंड्रीत फोन आला, मला बोलावून घेतलं. "कृष्णात, तुमचा आण्णा गच्चीवर एकटाच बोलाय लागलाय की रं. मघाधरनं आकडं मोजतोय. खालनं कोण उत्तर देत न्हाय, तरी मोजतोय. काय करू?"

मी फोन ठेवला. आण्णा खाली आले तेव्हा मी त्यांच्या दारात उभा होतो. त्यांच्याआधी मीच बोललो, "आण्णा, काटा मी बघतो." त्यांनी पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "परीक्षा द्यावी लागंल." मी दिली. चाळिशीतला माणूस मी, दहावीनंतर पहिल्यांदा पेपर लिहिला, आणि पास झालो. आण्णांनी पुन्हा पेढे आणले. या वेळी दोघांसाठीच. त्यांच्या बाकावर बसून खाल्ले आम्ही.

पहिलं वर्षभर मी नेमानं त्यांच्या खोलीत जाऊन सेटसमोर बसायचो. खोलीत वैनींचं सगळं जसंच्या तसं. दोरीवर पातळ, कोनाड्यात इभूतीचं भांडं. मला तिथं अवघडल्यासारखं व्हायचं, आणि इकडं लेथ बंद राहायचा तो वेगळाच. मग मी शक्कल काढली. भिंतीला भोक पाडून वायर ओढून घेतली आणि सेट माझ्याकडं आणला, लेथच्या वरच्या फळीवर. काम चालू ठेवून ऐकता येईल म्हटलं. आण्णांना ते आवडलं नसावं, पण ते काही बोलले नाहीत. माणसाला गरज असली की तो गप्प बसतो.

नव्याण्णव साल आलं. बाहेरच्या अँटेना स्वस्त व्हायला लागल्या होत्या. एका कारखान्यानं सांगितलं, एकशे साठ घेतो, पण दर खाली आणा. पिंजऱ्यात आता कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, उरली होती ती मधली नायलॉनची डबी. आणि तोंड उघडलं ते मी. "आण्णा, नायलॉन कशाला पायजे? शेतातल्या पाण्याची काळी पाइप हाय की. तुकडा कापायचा, टोकं तापवून दाबायची, झालं काम. कोण बघतंय आत?"

"पाऊस बघतोय," आण्णा म्हणाले.

तरी त्यांनी करून बघितली, पण ऑर्डर घ्यायच्या आधी एक अट घातली. काळ्या डबीचा पिंजरा पिराजीच्या गच्चीवर पूर्ण पावसाळाभर उभा राहील. पन्हाळ्याचा पाऊस आणि धुकं ज्यानं सोसलं ते कुठंही टिकेल. दर सोमवारी ते वर जाऊन मोजतील, मी खाली काटा बघून सांगेन. सोळा सोमवार. मी हसलो. "आण्णा, बायका चांगला नवरा मिळावा म्हणून सोळा सोमवार करत्यात. तुमी पाइपच्या तुकड्यासाठी कराय लागलाय!" ते हसले नाहीत. "कृष्णात, आकडा तेवढा खरा सांग," म्हणाले. "बाकी मी बघतो."

सोळा सोमवार त्यांनी एकही चुकवला नाही. धो धो पावसात, घाटात दरड पडली त्या सोमवारीही, उपाशीपोटी गेले. सेटवर अकराच्या ठोक्याला ओंदु, एरडु सुरू व्हायचं. माझा लेथ चालू असायचा. हातात जॉब, डोळ्यांवर चष्मा, कानावर त्यांचा आवाज. आवाज स्वच्छ यायचा. मी मान वर न करता सेटचं बटण दाबायचो आणि सांगायचो, "नऊ, आण्णा! एक नंबर!"

आवाज येतोय ना, मग काट्याकडं कशाला बघायचं? एवढंच माझ्या डोक्यात. पन्हाळा समोर, मध्ये आडकाठी काही नाही, आवाज शेवटपर्यंत स्वच्छच येणार होता. दुबळा होत चालला होता तो काट्यावर, आणि काट्याकडं मी एकाही सोमवारी बघितलं नाही. एका सोमवारी त्यांनी मुद्दाम विचारलं, "नऊ नक्की?" मी म्हणालो, "नक्की म्हंजे काय! घुमतोय आवाज." सोळा वेळा त्यांनी विचारलं आणि सोळा वेळा मी नऊ सांगितलं.

दसऱ्याला एकशे साठ पिंजरे काळ्या डब्या लावून गेले. गळीत हंगाम चांगला पार पडला. आण्णा त्या वर्षी मला म्हणाले होते, "नीलम्मा असती तर काळ्या डबीला हो म्हणाली नसती. तू म्हणालास म्हणून केलं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात डब्यांत पाणी मुरलं. एकेक गट ऑफिस मुकं होत गेलं. दिवाळीच्या आधी, हंगाम तोंडावर असताना, कारखान्याची ट्रॉली आली आणि एकशे साठ पिंजरे आण्णांच्या दारात ओतून गेली. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही, पावती मागितली नाही. नुसता ढीग घातला आणि ड्रायव्हर निघून गेला. मोडके, वाकलेले, एकमेकांत अडकलेले पिंजरे. रस्त्यानं जाणारा एकजण म्हणाला, "पोपट उडालं वाटतं आण्णांचं." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आण्णा मात्र पायरीवर बसून एकेक डबी करवतीनं कापत होते. आत तांब्याची तार हिरवी होऊन तुटलेली. प्रत्येक डबीत तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या शेडमध्ये आले. हातात ती लांबट वही. लेथच्या बेडवर त्यांनी ती उघडून ठेवली. सोळा ओळी. हवेच्या खान्यात पाऊस, धुकं, पाऊस, फार पाऊस. काट्याच्या खान्यात नऊ, नऊ, नऊ, सगळीकडे नऊ. शेवटच्या खान्यात 'कृ'.

"कृष्णात," ते म्हणाले, "एक तरी आठ लिवायला पायजे हुता."

मला तिथंच पाय धरता आले असते. मी काय म्हणालो माहीत आहे? "आवाज तर येत हुता की आण्णा!" मोठ्यांदा म्हणालो, आम्ही सगळं मोठ्यांदाच म्हणतो. त्यांनी वही मिटली, फळीवरचा सेट उचलला आणि वायर गुंडाळत भिंतीच्या भोकापर्यंत गेले. जाताना थांबून त्यांनी सेटच्या काचेवरून बोट फिरवलं. तेलाचा आणि किसाचा काळा थर जाडजूड. काचेमागचा काटा वर्षभर दिसतच नव्हता. मी बघितलं असतं तरी दिसला नसता. पण मी बघितलंच नव्हतं, ते त्यांना त्या बोटानं कळलं. मला लाज वाटली ती अशी, की आज लिहितानाही हात थांबतोय.

भिंतीतलं भोक त्यांनी त्याच आठवड्यात सिमेंटनं बुजवलं.

नंतर मला कळलं, त्यांनी एक डबी तयार केली होती. पत्र्याची, कंदी पेढ्याच्या पेटीएवढी. ती घरी चालू करून ठेवायची, ती आपली ठरावीक वेळानं टूं करत लहर सोडायची. मोठा सेट आण्णा खांद्याला लावून स्वतः पन्हाळ्यावर न्यायचे आणि स्वतःच काटा बघायचे. आता खाली कुणी बसायची गरज नव्हती. त्या डबीला बारीक आवाजही होता. दर सोमवारी अकरा वाजता भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. टूं. थोड्या वेळानं पुन्हा टूं. वैनींच्या जागी मी बसलो होतो, आणि माझ्या जागी डबी बसली. डबी खोटं बोलत नव्हती. मी लेथ चालू केला की तिचा आवाज बुडायचा, म्हणून सोमवारी मी अकराच्या आधीच लेथ चालू करायला लागलो.

ऑर्डरी यायच्या बंद झाल्या. एकदा नाव गेलं की साखरपट्ट्यात ते ट्रॅक्टरच्या आधी पोचतं. त्यात मोबाइल आले. गट ऑफिसच्या पोरासोरांच्या खिशातही मोबाइल, वायरलेस कुणाला हवाय? आण्णा जुने रेडिओ दुरुस्त करून पोट भरायचे. माझ्याशी वागणं चांगलंच होतं, तेच जास्त लागायचं. पाणी आलं का, लाइट कधी येणार, एवढं बोलायचे. एका भिंतीला सात वर्षं आम्ही दोघं, आणि मला माफी मागायला तोंड उघडता आलं नाही. सणाला माझ्या घरून पोळ्या जायच्या. ताट घासून परत यायचं, त्यात दोन केळी ठेवलेली असायची. कधीतरी दुपारी त्यांच्या शेडमधून काहीच आवाज यायचा नाही, तेव्हा मी लेथ बंद करून ऐकत उभा राहायचो.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात गच्चीच्या शिडीवरून ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. काठीनं घरातल्या घरात फिरायला लागले तेव्हा पावसाळा नुकता लागला होता. पाऊस सरत आला तेव्हा एक दिवस माझा मोबाइल वाजला. नंबर दानेश्वरीनं त्यांना घेऊन दिलेल्या फोनचा. भिंतीपलीकडून माणूस फोन करत होता.

"कृष्णात, सोमवारी मोकळा हाईस?"

मी गेलो. सात वर्षांनी त्या खोलीत पाय ठेवला. दोरीवर आता त्यांचीच धोतरं. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्यात तीन पिंजरे बुडवलेले. नवी डबी केली होती त्यांनी, प्लास्टिकच्या जुन्या खुर्च्या वितळवून साच्यात ओतलेली, नायलॉनपेक्षा स्वस्त. पावसाळाभर पाण्यात ठेवली होती. "पन्हाळा मला आता चढवत न्हाय," ते म्हणाले. "पाऊसच घरात आणला."

"ऑर्डर कुणाची हाय, आण्णा?"

"कुणाची न्हाय."

तीन पिंजऱ्यांवर रंगानं एक, दोन, तीन असे आकडे होते. मोठा सेट त्यांनी मला दिला, बॅटरीसकट, आणि लहान सेट स्वतःकडं ठेवला. दोन्हींची ताकद मुद्दाम कमी केलेली, म्हणजे पिंजऱ्याचा कस लागावा. अकराला पहिला जोडायचा, अकरा दहाला दुसरा, अकरा वीसला तिसरा. प्रत्येक वेळी ते खालून मोजणार. मी काटा बघून कागदावर लिहायचं, आणि शेवटी पहिला पिंजरा परत जोडून तिन्ही आकडे सांगायचे. सेटची काच मी निघायच्या आधी सदऱ्यानं पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

पिराजी आता म्हातारा झाला होता. त्यानं बांबू धरला, मी पिंजरा बांधला. खाली कोल्हापूर उन्हात पसरलेलं, आणि अकराच्या ठोक्याला सेटमधून आण्णांचा आवाज आला. ओंदु, एरडु, मूरु. इतकी वर्षं हा आवाज मी लेथच्या घरघरीत ऐकला होता. पहिल्यांदाच नुसता ऐकला. म्हातारा, थकलेला, आकड्या-आकड्याला थांबणारा आवाज. वैनी दर सोमवारी हा ऐकायच्या आणि तरी 'पाचच हाय' म्हणायच्या. केवढी छाती लागत असेल. काटा आठावर होता. मी लिहिलं.

दुसऱ्याला नऊ.

अकरा वीसला तिसरा जोडला. नुसती खरखर. मी वायर हलवून बघितली, जोड घट्ट केला, पिंजरा फिरवला. काटा शून्यावरून हलेना. खाली आण्णा मोजत असणार, आठ, नऊ, दहा, आणि वर मला काहीही ऐकू येत नव्हतं.

पिराजी म्हणाला, "म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं? आता कुठं ईकायच्यात त्या? सांग की ग्वाड काहीतरी."

खरं सांगतो, माझ्या जिभेवर आलं होतं. सत्तरीचा माणूस, मोडलेला खुबा, ऑर्डर नाही, बायको नाही, आणि पावसाळाभर पिंपावर बसून राखलेली तीन पिंजऱ्यांची आशा. एक नऊ सांगून कुणाचं काय बिघडणार होतं? मी पहिला पिंजरा परत जोडला. बटण दाबलं.

"आण्णा, पयला आठ. दुसरा नऊ." मग थांबलो. "तिसऱ्याला कायबी येत न्हाय. शून्य. तीन डाव बघितलं. शून्यच हाय."

मी बटण सोडलं. मला वाटलं, माणूस खचला. पिराजी माझ्याकडं रागानं बघायला लागला.

मग आण्णांचा आवाज आला. "तिसऱ्यात तारच जोडल्याली न्हाय, कृष्णात."

मी तसाच बसलो गच्चीवर. मला राग यायला हवा होता. रडू आलं, पिराजीसमोर, उघड्यावर.

"आता पयल्या दोन्हीचं परत सांग," ते म्हणाले. "वहीत लिवतो."

"पयला आठ. दुसरा नऊ."

"आठ. नऊ." ते लिहीत असावेत, थांबून-थांबून. "ऐकणार, कृ." आणि मग म्हणाले, "खाली ये. सोमवार सोडायचाय."